पैसे देऊन जीव धोक्यात?

कोलाडला राफ्टिंगला, म्हणजे रबरी होडीतून खळाळत्या नदीत उतरायला निघाले की घरात ठरलेला प्रश्न येतो, "पैसे देऊन जीव धोक्यात घालायची ही कसली हौस?" विचारणारी मंडळी कोण, तर पहिल्या पावसात लेकराबाळांसकट धबधब्याखाली उभी राहणारी! ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. बघता बघता पाणी वाढलं. मला भीती वाटते ती तिथली.

कोलाडच्या कुंडलिका नदीला पाणी ठरल्या वेळी येतं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, टर्बाइन फिरवून पुढे नदीत येतं, आणि सकाळी ते सुटलं की राफ्ट निघतात. खरं तर मुळा नदीचं हे पाणी भीमेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचं. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीकर सत्याग्रहाला उतरले, सेनापती बापट पुढे होते. "गणपती बाप्पा मोरया" ओरडत पॅडल मारताना हे आठवायलाच हवं असं नाही. मला आठवतं.

निघण्याआधी गाईड सांगतो, "पडलात तर उभं राहायचं नाही. पाठीवर पडा, पाय पुढे, पायाचे अंगठे पाण्यावर दिसले पाहिजेत." कारण पाय दगडांच्या फटीत अडकला, तर गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला तोंडावर पाडून दाबून धरतं. हे ऐकताना पोटात गोळा येतो, आणि तो आलाच पाहिजे. मग रॅपिड, म्हणजे दगडांमधून उसळणारा वेगवान प्रवाह येतो, पुढचा माणूस फेसात दिसेनासा होतो, आपलं पॅडल एकदा हवेतच फिरतं, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" एवढंच कानावर पडतं. ऑफिस, हप्ते, कुणाचे टोमणे, काही म्हणजे काही डोक्यात उरत नाही. घाटाखालच्या अनोळखी माणसांसोबत एका तालात हात चालतात. एवढ्यासाठी मी पुन्हा पुन्हा जाते. भीती गेली म्हणून मजा येते हे मला पटत नाही. भीती असते म्हणूनच माणूस मुकाट्याने ऐकतो.

राग येतो तो "चालतंय हो, काही होत नाही" म्हणणाऱ्यांचा. लाइफ जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं, तर दुसरं मागा. सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला वाचवायला येणारी छोटी होडी आहे का, फेकायचा दोर कुणाकडे आहे, हेही विचारा. टाळाटाळ झाली तर पैसे परत घ्या, पोहे खा आणि घरी या.