जुन्या पीसीचा राऊटर: विजेचं तुमचं बरोबर, बाकी थोडं भांडू

जुन्या पीसीलाच घरचा राऊटर करा, असा माझा लेख होता, त्यावर तुम्ही टीका केलीत. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो, बाकीच्यांनाही कळू दे. जुना डेस्कटॉप राऊटर म्हणून चोवीस तास चालू ठेवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि भंगारातल्या मशीनला मी "सिक्युअर" म्हणतो ही तर सरळ दिशाभूल, असं तुम्ही लिहिलंय.

विजेचं मान्य. ते मी लिहायलाच हवं होतं, राहिलं. माझा डबा काही न करता ५० वॉट खातो, म्हणजे वर्षाला ४३८ युनिट, आणि १० वॉटचा साधा राऊटर ८८च्या आत भागवतो. जुना लॅपटॉप असेल तर हा फरक बराच कमी होतो, वर बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस (फुगलेली नसेल तर!), पण त्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जागा) एकच आणि राऊटरला लागतात दोन, मग यूएसबी अडॅप्टर लावा, जे फ्रीबीएसडीवर (ओपीएनसेन्ससारखी राऊटर सॉफ्टवेअर ज्यावर चालतात ती ऑपरेटिंग सिस्टिम) अधूनमधून रुसून बसतं, नाहीतर व्हीलॅनवाला (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्क चालवणारा) स्विच आणा.

पण सिक्युअर मी त्या डब्याला म्हणतच नाहीये हो. मुद्दा अपडेटचा आहे. तयार राऊटरच्या फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट कंपनी काही वर्षांनी बंद करते, आणि वायफाय तर मस्त चालू असतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर सापडला तेव्हा किमान ५ लाख राऊटर आणि स्टोरेज बॉक्स त्यात अडकले होते, आणि त्यातल्या बहुतेकांची भोकं आधीपासून माहीत असलेली, नाहीतर पासवर्ड डीफॉल्टवरच. ओपीएनसेन्स किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरचं सॉफ्टवेअर टाकलेल्या पीसीला पॅच येत राहतात, मग डबा कुठल्या का कंपनीचा असेना. अर्थात ते टाकायचे आपल्यालाच, सहा महिने ढुंकून बघणार नसाल तर तुमचा तयार राऊटरच बरा. आणि ३२ बिट प्रोसेसरवाला डबा असेल तर नाद सोडा, पीएफसेन्स या अशाच सॉफ्टवेअरने तर २०१७ मध्येच २.४ व्हर्जनपासून त्याचा सपोर्ट बंद केला.

जुनं हार्डवेअर दगा देतं म्हणालात ना, ते मात्र खरंय. एकदा लाईट गेली, आली, मशीन चालू झालं पण एकही साईट उघडेना. केबल बदलल्या, मॉडेम रीस्टार्ट केला, तासभर घरच्यांची बोलणी खाल्ली आणि मग मॉनिटर जोडून पाहतो तर तारीख २००९! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल मेलेला. आता गंमत बघा, डीएनएसेक (साईटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या उत्तरांची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू होतं, तारीख चुकीची म्हणून ते प्रत्येक उत्तराची सही नाकारत होतं, आणि तारीख दुरुस्त करायला जो टाईम सर्व्हर लागतो त्याचं नाव शोधायलाही डीएनएसच लागतं. बसा बोंबलत. बायोसमध्ये हाताने तारीख टाकली, नवा सेल घातला, आणि वर एक टाईम सर्व्हर थेट आयपी टाकून ठेवलाय. सेल बदला ही ओळ आता मूळ लेखात सगळ्यात वर घालतो.

राहिलं वायफाय. जुना राऊटर फेकू नका, वायफायपुरता तोच वापरा: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पीसीच्या रेंजमधला एक मोकळा आयपी द्या आणि पीसीकडून येणारी केबल वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये खोचा. त्याचंही फर्मवेअर जुनंच ना, असं तुम्ही विचारणारच. हो, जुनंच. पण आता तो थेट इंटरनेटच्या तोंडावर नाही, आणि त्याचा वायफाय पासवर्ड तरी मी बदललाय.