‘मटेरियल्स सायन्सला ना खोली, ना नोकरी’ या दाव्याला उत्तर

शाखा निवडायची वेळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले दावे असे: मटेरियल्स सायन्समध्ये थोडं भौतिकशास्त्र आणि थोडं रसायनशास्त्र शिकवतात, खोल काहीच नाही, नोकरी मिळाली तर पोलाद कारखान्यातच, पीएचडीशिवाय भवितव्य नाही, आणि नवे पदार्थ आता संगणकच शोधतो. पीएचडीचा दावा अर्धा खरा आहे. बाकीचे टिकत नाहीत.

खोलीचा मुद्दा आधी घेऊ. सुमारे 0.8 टक्के कार्बन असलेलं पोलाद 727 अंश सेल्सिअसच्या वर तापवलं आणि सावकाश थंड केलं, तर पर्लाइट (लोह आणि लोह-कार्बाइडच्या आळीपाळीच्या पातळ थरांची रचना) तयार होतं. तेच पोलाद झटकन बुडवून गार केलं, तर कार्बनला विसरणासाठी (अणू हलून पसरण्यासाठी) वेळच मिळत नाही आणि मार्टेन्साइट (कार्बन आत अडकलेली कडक रचना) बनतं. रासायनिक घटक तेच राहतात, कडकपणा मात्र दुपटीहून जास्त वाढतो. सोबत ठिसूळपणाही येतो. मार्टेन्साइट बनताना आकारमान वाढतं. पृष्ठभाग आधी बदलतो, गाभा मागाहून, आणि त्या ताणाने तुकडा तडकतो. म्हणून लगेच टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा माफक तापवणं, करावं लागतं. किती तापमानाला आणि किती वेळ, हे ठरवायला ऊष्मागतिकी, विसरण आणि स्फटिकरचना एकाच वेळी वापरावी लागते. प्रक्रिया, सूक्ष्मरचना आणि गुणधर्म यांचा हा संबंध हाच या विषयाचा गाभा आहे, आणि भौतिक किंवा रसायनशास्त्राच्या पदवीत तो सहसा इतक्या बारकाईने येत नाही.

नोकरीबद्दलचा गैरसमज पदांच्या नावांमुळे होतो. ‘मटेरियल्स सायंटिस्ट’ या नावाने शोधलं तर फार थोड्या जाहिराती दिसतात. प्रोसेस इंजिनिअर, फेल्युअर अॅनालिसिस, थिन फिल्म, करोजन, कोटिंग, हीट ट्रीटमेंट, बॅटरी सेल या नावांनी शोधा. चिपच्या कारखान्यात पातळ थर चढवणं आणि कोरणं हे याच विषयाचं काम. लिथियम-आयन बॅटरीत ओलावा राहिला तर इलेक्ट्रोलाइटमधल्या (सेलमधल्या विद्युतवाहक द्रवातल्या) लिथियमच्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊन सेल खराब होतो. त्यामुळे इलेक्ट्रोड निर्वातात सुकवतात आणि जोडणी कोरड्या खोलीत करतात. उच्च ताकदीच्या बोल्टवर विद्युत-मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो. मुलाम्यानंतर काही तासांच्या आत सुमारे 200 अंशांवर बेकिंग केलं नाही, तर घट्ट आवळलेला बोल्ट तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. भंगाचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे कारण ओळखणारा माणूस यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक उद्योगाला लागतो.

पीएचडी संशोधनगटाचं नेतृत्व करायला किंवा विद्यापीठात शिकवायला लागते, हे खरं. उत्पादन, गुणवत्ता आणि चाचणी या कामांना पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण पुरतं, पण हातात कौशल्य हवं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा धातूचा नमुना तयार करणंच घ्या: 240, 400, 600, 800, 1200 ग्रिटचे (आकडा वाढेल तसे बारीक होत जाणारे) घासकागद क्रमाने, दर टप्प्याला नमुना 90 अंशांत फिरवून आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत; मग 6 आणि 1 मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट; शेवटी साध्या पोलादासाठी 2 टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लात) काही सेकंद. दोन टप्प्यांमध्ये नमुना धुतला नाही, तर जाड कण पुढच्या कापडावर जातात आणि ओरखडे परत येतात. नायटलमध्ये जास्त वेळ ठेवला तर सगळं काळं पडतं. मुलाखतीत असेच प्रश्न विचारले, तर ज्याने हे स्वतः केलंय तो लगेच ओळखू येतो.

संगणकाचा मुद्दा लवकर संपतो. आजची गणनं साधारणपणे शून्य केल्विनची (उणे 273 अंश सेल्सिअसची) ऊर्जा काढून कोणता पदार्थ स्थिर असू शकेल ते सांगतात. तो भट्टीत कसा बनवायचा, कणसीमांवर (स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या जागी) कोणती अशुद्धी साचेल, हजारो ताणचक्रांनंतर भेग कुठून सुरू होईल, हे त्यातून आपोआप मिळत नाही. पायथन जरूर शिका. त्याने प्रयोगशाळेतल्या मोजमापांचं काम सोपं होतं.

प्रवेशाआधी अभ्यासक्रमात प्रावस्था आकृत्या (कोणत्या तापमानाला आणि मिश्रणाला कोणती रचना स्थिर असते ते दाखवणाऱ्या), विसरण, यांत्रिक वर्तन आणि क्ष-किरण विवर्तन (स्फटिकरचना ओळखण्याची पद्धत) हे स्वतंत्र विषय आहेत का ते बघा. सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांना स्वतः हाताळू देतात की फक्त दाखवतात, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. दाखवतच असतील, तर दुसरा विभाग शोधा.