माझ्या बायबलात पाऊस पडला नाही

गेल्या आठवड्यात शास्त्राभ्यासात बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, सातवा अध्याय, म्हणजे जलप्रलयात नोहा तारवात (मोठ्या नावेत) शिरतो ती गोष्ट, वाचण्याची पाळी माझ्यावर आली आणि मी माझे बायबल उघडले, एवढीच या प्रकरणाची पार्श्वभूमी. उघडले म्हणणेही तितकेसे खरे नाही, कारण ते कधी धड मिटतच नाही. बायबलची पाने कागदकामाने सजवण्याचा मला छंद आहे आणि समासांत चिकटवलेली कागदी फुले, कप्पे आणि पान उलटताच उभ्या राहणाऱ्या घड्या यांनी ते इतके फुगले आहे की मी ते रिबिनीने बांधून ठेवतो. रिबीन सुटली की ते जांभई दिल्यासारखे आ वासते.

सातव्या अध्यायावर मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. तारू उभे राहायचे असेल तर त्याची घडी दोन पानांच्या मधल्या चरीवर अचूक बसावी लागते, आणि मापात जरा चूक झाली की मिटलेल्या ग्रंथातून तारवाचे नाक बाहेर डोकावते. नोहाला निदान मापे तरी मिळाली होती, लांबी ३०० हात, रुंदी ५० आणि उंची ३०. माझा सगळा कारभार अंदाजपंचे. त्यात बायबलचा कागद चौरस मीटरला साधारण ३० ते ४० ग्रॅम वजनाचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जवळपास निम्मा. पातळ डिंक लागला की तो सुरकुततो आणि शाईचे पेन टेकवले की शाई पलीकडच्या पानावर उतरते.

तर मी अकरावे वचन वाचले, लगेच तेरावे वाचले आणि चौदाव्याकडे वळणार, इतक्यात समोरच्या खुर्चीवरील काकांनी हात वर केला. हे काका सत्तरीचे असून शब्दान्‌शब्द बोटाखाली धरून ऐकतात.

"थांबा. पाऊस कुठे आहे?"

"येतो आहे, काका."

"येतो आहे कुठला? अकराव्या वचनात आकाशाची द्वारे उघडली, तेराव्यात नोहा सहकुटुंब तारवात शिरला. मधल्या चाळीस दिवसांचे आणि चाळीस रात्रींचे तुम्ही काय केले?"

"ते ढगाखाली आहेत."

"मग ढग उचला."

ढग उचलला जात नव्हता. तो म्हणजे वचनावर चिकटवलेली, उचलून खालचे वाचण्याची कागदी झडप. अशा झडपेला फक्त वरच्या कडेलाच डिंक लावायचा असतो, हे मला पक्के ठाऊक होते, पण त्या रात्री झोपेच्या भरात मी तो चारही कडांना लावला होता. काकांनी चष्मा बदलला, बायबल मांडीवर घेतले आणि ढग नखाने दोनदा खरवडून पाहिला.

"दहा आज्ञा तरी सगळ्या आहेत ना? मोजून घेऊ." त्यांनी खरोखरच पुढच्या पुस्तकाचा, निर्गमाचा, विसावा अध्याय काढून बोटांवर आज्ञा मोजल्या. "आठवीवर फूल आहे."

"फक्त देठ आहे, काका. चोरी करू नको, हे वाचता येते."

"बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अखेरच्या अध्यायात, या ग्रंथात भर घालणाऱ्याला एक शिक्षा सांगितली आहे आणि त्यातून काही काढणाऱ्याला दुसरी. तुम्ही एकाच पानावर दोन्ही केले." मग रिबीन बांधून बायबल परत देताना ते अगदी मायेने म्हणाले, "असो. तुमच्या सौभाग्यवतींचा हात मात्र सुबक आहे."

सौभाग्यवतींनी आयुष्यात कागदाचे एक फूलही कापलेले नाही. स्वयंपाकघरातील कात्री मी पळवतो, एवढाच त्यांचा या कलेशी संबंध. ग्रंथातून पाऊस गाळल्याचा ठपका माझ्यावर आणि सुबकतेचे श्रेय मात्र त्यांना, ही वाटणी कोणत्या शास्त्रात बसते, ते काकांनीच मोजून सांगावे. निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, कारागिरीसाठी देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले, असे त्याच निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात लिहिले आहे आणि बसालेल पुरुष होता. इसवी सन ८००च्या सुमारास मठवाशांनी हाताने लिहून चितारलेल्या केल्सच्या ग्रंथात, म्हणजे शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात, तर ख्रिस्ताच्या नामाक्षरांच्या पायाशी मांजरे बसली आहेत आणि उंदीर प्रभुभोजनाची भाकर कुरतडत आहेत. त्या मठवाशांच्या सौभाग्यवतींची चौकशी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि मुळात हे आकडे! रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली नव्या कराराच्या वचनांना क्रमांक घालून छापले आणि ती सोय पुढे सबंध बायबलभर पसरली. ती नसती तर माझे बारावे वचन कोणाला आठवले असते?

काकांनी एक गोष्ट मात्र मोजली नाही. त्या ढगाखाली दोऱ्यांवर निळ्या कागदाचे चाळीस थेंब लोंबत आहेत आणि ते मी एकेक करून कापले आहेत. पंचवीस थेंबांनंतर अंगठ्याला वळ पडतो आणि तिसाव्याला, आता पुरे, असे मनापासून वाटते. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो, पण आत बसलेल्यांनाही कधीतरी असेच वाटले असेल, हे त्या तिसाव्या थेंबापर्यंत माझ्या मनात आले नव्हते. हे मी सभेत सांगणार होतो. पण वचनच झाकल्यावर बोलायला तोंड राहत नाही, आणि खरा राग बहुधा त्याचाच आहे.

घरी येऊन मी पातळ सुरी घालून ढग सोडवला. ढग निघाला, पण कागदाचा वरचा पापुद्रा आणि त्याबरोबर बारावे वचनही निघाले. चाळीस दिवसांचा पाऊस आता ढगाच्या पाठीला चिकटला असून त्याची अक्षरे उलटी दिसतात. आरशात धरला तर वाचता येतो. काकांनी पुढील आठवड्यात सातवा अध्याय पहिल्यापासून पुन्हा घ्यावा असे सुचवले आहे, आणि सौभाग्यवतींनी आपला हातआरसा देण्यास नकार दिला आहे.