दमट हवा आणि गळणारा विद्युतभार

हवेतला ओलावा वाढला, की माझ्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांपैकी डावा हळूहळू मंदावतो आणि मधोमध उभा असलेला गायकाचा आवाज उजवीकडे सरकत जातो. दरवर्षी हेच घडते आणि दरवर्षी मला तितकाच संताप येतो. काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतदाब आणि दोन्ही बाजूंना सच्छिद्र जाळ्या, एवढीच ही रचना. पडद्याला दाब पुरवणाऱ्या मंडलाचा रोध मुद्दामच प्रचंड ठेवलेला असतो, त्यामुळे कडांवर साचलेल्या धुळीने ओल धरली आणि त्या वाटेने अगदी नगण्य प्रवाह गळू लागला, तरी पडद्यावरचा दाब कोसळतो. तो निम्मा झाला, तर आवाज 6 डेसिबलने उतरतो. शिवाय मधूनच ती चरचर! एखाद्या हळुवार जागी ती ऐकू आली, की जीव कासावीस होतो.

‘अँप्लिफायर तपासा, तारा बदला’ असे सांगणाऱ्यांचा तर मला सर्वाधिक राग येतो, कारण दोष तिथे असता, तर डावी-उजवी जोडणी उलटवल्यावर तो दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला असता, आणि तो कधीच जात नाही. खोलीतली आर्द्रता कमी करणारे यंत्र लावावे, तर त्याच्या घरघरीत संगीतातले बारकावे बुडतात. म्हणून ते आधी काही तास चालवायचे, मग बंद करायचे आणि हवा पुन्हा ओलावण्यापूर्वी घाईघाईने ऐकून घ्यायचे.