'सगळं यूटीसीत टाका, विषय संपला' या कमेंटला उत्तर

कमेंट तिखट आहे पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळ कशी साठवायची यावरच्या पोस्टमध्ये मी उगाच बाऊ केलाय, भारतात उन्हाळा-हिवाळा घड्याळं मागेपुढे होत नाहीत, देशभर एकच टाइमझोन आहे, तेव्हा सगळं यूटीसीत (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जिच्या आपण साडेपाच तास पुढे आहोत) साठवायचं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे. अगदीच गरज पडली तर पोस्टग्रेस या डेटाबेसचा 'टाइमस्टँप विथ टाइमझोन' हा तारीख-वेळेचा कॉलम-प्रकार आहेच, तो सगळं सांभाळतो. आणि मी सांगितलेला मुंबई टाइमचा, म्हणजे मुंबईच्या जुन्या वेगळ्या घड्याळाचा, किस्सा म्हणजे निव्वळ टाइमपास.

यूटीसीचं अर्धं मला मान्यच आहे. पेमेंट झालं, ओटीपी गेला, कुणी लॉगिन केलं, असं जे घडून गेलंय ते यूटीसीतच ठेवावं, त्यात वादच नाही. पण तुम्ही जन्मतारीखही त्यातच कोंबायला सांगताय.

समजा कुणी फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट १९९० टाकलं. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष-महिना-दिवस देऊन डेट ऑब्जेक्ट बनवला की तो ब्राउझरच्या लोकल वेळेत बनतो, म्हणजे आपल्याकडची रात्री १२ ची वेळ, आणि सर्व्हरला पाठवताना त्याचं जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) झालं की ती यूटीसीत जाते, १४ ऑगस्ट १८:३०. पुढे कॉलम नुसत्या तारखेचा असला तर वेळ कापली जाते आणि माणूस एक दिवस आधी जन्माला येतो. डेटाबेसमध्ये ओळीने १८:३० दिसायला लागलं की भारतातला डेव्हलपर न विचारता ओळखतो काय झालंय ते. गंमत म्हणजे हाच कोड न्यूयॉर्कमध्ये चालवला तर तारीख बरोबर येते, कारण तिथली मध्यरात्र यूटीसीत त्याच तारखेला पहाटे पडते. उलट नुसती '१९९०-०८-१५' अशी स्ट्रिंग डेटला दिली की ती यूटीसी धरली जाते, मग आपल्याकडे १५ दिसते आणि तिकडे १४! म्हणजे तिकडच्या टीमने टेस्ट करून 'आमच्याकडे तर चालतंय' म्हटलं तर ते खोटं बोलत नसतात.

आता तुम्ही म्हणाल की वेळ कापूच नका, दाखवताना साडेपाच तास मिळवा. ठीक. तोच माणूस दुबईला नोकरीला गेला आणि ॲपने त्याच्या फोनच्या टाइमझोनप्रमाणे दाखवलं, तर १४ ऑगस्ट रात्री साडेदहा. अरे पण त्याचा वाढदिवस दुबईला गेल्यावर बदलतो का? जन्मतारीख ही तारीख आहे, तिला टाइमझोन लागतच नाही, तारखेच्या कॉलममध्ये तारीख म्हणून ठेवायची आणि तिच्याशी खेळायचं नाही.

रिपोर्टचंही तसंच. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे क्वेरीत सरळ यूटीसीच्या तारखेवर ग्रुप बाय केलं, म्हणजे दिवसावार गट पाडले, की मध्यरात्र ते साडेपाचचे व्यवहार आदल्या दिवसात जाऊन बसतात. इतर दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही, पण १ एप्रिलच्या पहाटेचं बिल ३१ मार्चला गेलं की ते थेट मागच्या आर्थिक वर्षात जातं, आणि मग सीएचा फोन येतो. साठवणं बरोबर असूनही हा घोळ होतो, कारण 'दिवस' कुठला ते क्वेरीला कुणी सांगितलेलं नसतं.

भारतात घड्याळं बदलत नाहीत हे खरं, पण आपली अर्धी आयटी ज्यांच्यासोबत मीटिंगा करते त्यांची बदलतात ना! न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि उन्हाळ्यात साडेसहाला. पुन्हा अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या, त्यामुळे मधल्या दिवसांत लंडनही कॉलवर असलं की कुणीतरी एक तास लवकर येऊन एकटा बसतो. आणि हे निदान आधी माहीत तरी असतं. मोरोक्कोने ऑक्टोबर २०१८ मध्ये घड्याळं मागे घ्यायच्या फक्त दोन दिवस आधी 'घेणार नाही' असं ठरवलं. लेबननमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने आयत्या वेळी बदल पुढे ढकलला, सगळ्यांनी ऐकलं नाही, आणि निर्णय मागे घेईपर्यंत एका देशात दोन वेगवेगळ्या वेळा चालू होत्या. तुम्ही पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट यूटीसीत करून ठेवली असती तर ती एक तासाने चुकली असती, कारण लोकांनी ठरवलेलं असतं 'बैरुतची सकाळी १०', यूटीसीचं कुणी काही ठरवलेलं नसतं.

राहिला टाइमपासचा मुद्दा. मुंबईत स्टँडर्ड टाइम १९०६ ला आला तरी ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता हे तुम्हाला निव्वळ रंजक वाटलं, पण कुंडलीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला विचारा. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे साडेसहा तास. १९४३ ला पुण्यात जन्मलेल्या आजोबांची वेळ साडेपाच धरून मांडली की लग्न रास चुकायची शक्यता भरपूर (कुंडली मानायची की नाही हा वेगळा वाद, इथे नको). पायथनच्या झोनइन्फोला (जगभरच्या टाइमझोनच्या डेटाबेसमधून वेळ काढणारी लायब्ररी) १९४३ ची तारीख आणि 'एशिया/कोलकाता' देऊन बघा, तो साडेसहाच सांगतो. तुमचा कोडमध्ये कायमचा लिहून टाकलेला साडेपाच सांगत नाही. मुंबई टाइम मात्र त्या टाइमझोनच्या डेटाबेसमध्येही सापडणार नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच तिथे वेगळी नोंद मिळते. म्हणजे मुंबईच्या जुन्या जन्मवेळेसाठी तक्ता स्वतःच ठेवावा लागतो.

पोस्टग्रेसबद्दल शेवटचं, कारण हा गैरसमज फार पसरलाय. 'टाइमस्टँप विथ टाइमझोन' नाव असलं तरी तो टाइमझोन साठवत नाही. तुम्ही दिलेली वेळ यूटीसीत बदलतो, झोन फेकून देतो, आणि परत देताना तुमच्या सेशनच्या सेटिंगप्रमाणे दाखवतो. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तेवढं बास आहे. पुढच्या मीटिंगसाठी मात्र स्थानिक वेळ साध्या टाइमस्टँपमध्ये आणि झोनचं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण. नुसतं आयएसटी (इंडियन स्टँडर्ड टाइम) लिहू नका, कारण आयर्लंड आणि इस्राएलवालेही आयएसटीच लिहितात.