सव्वादोनचा हात अडीचचा झाला

आज सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याशा लग्नातला फोटो आला. पंगतीत भात वाढणारी एक बाई. पुढे आलेली हनुवटी, रुंद नाक, जाड ओठ. खाली ओळ, 'ओळखा पाहू, बाई की बुवा?' आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. मी लिहिलं, हे काढा. उत्तर आलं, 'ताई, गंमत आहे, लोड घेऊ नका.'

घेतलाय लोड. वाचा आता.

माझ्या मावशीला सव्वादोनच्या बांगड्या लागायच्या. कासारीण दर श्रावणात घरी यायची. एका वर्षी तिने साबण लावून, हात दाबदाबून पाहिला आणि म्हणाली, "वैनी, हाडच वाढलंय तुमचं. अडीचच्या घ्या." आम्ही सगळे हसलो. चाळिशीनंतर कुणाचं हाड वाढतं का?

वाढतं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते (शाळेत पीयूषिका म्हणून पाठ केलेली तीच). तिच्यावर गाठ येते, बहुतेकदा कॅन्सरची नसलेली, आणि ती ग्रोथ हार्मोन सोडतच राहते. वाढीच्या वयात झालं तर माणूस ताडमाड होतो. मोठेपणी उंची वाढत नाही, मग हात, पाय, जबडा, जीभ वाढतात. आत हृदयसुद्धा. ॲक्रोमेगॅली. 1886 पासून नाव आहे या आजाराला. मावशीच्या कागदावर ते यायला सात वर्षं लागली.

सात वर्षं! शुगर निघाली, गोळी. बीपी, अजून एक गोळी. बोटांना मुंग्या, तर मानेचे व्यायाम. घोरते, तर वजन कमी करा. चपलेचा नंबर पाचावरून सातावर गेला. दातांत फटी पडल्या, त्या बुजवून दिल्या. ज्याने त्याने आपापला तुकडा बघितला. अख्खी बाई एकट्या कासारणीने बघितली.

मान्य, दुर्मिळ आजार आहे, रोजच्या बघण्यात बदल कळत नाही. बरं. पण 'किती दांडगी दिसायला लागलीस गं' म्हणणाऱ्यांना लग्नाकार्यात बरोबर कळत होता! कुस्तीतल्या अवाढव्य खलीला टाळ्या वाजवणारेही आपणच. त्याच्याही पिट्युटरीवरची गाठ 2012 मध्ये अमेरिकेत काढावी लागली, ते कुणाच्या गावीही नाही.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी लग्नाचा अल्बम आणायला सांगितला. अल्बमातली नवरी बघायच्या, मग समोरची मावशी. परत अल्बम. त्याच दिवशी आयजीएफ-वनसाठी (ग्रोथ हार्मोन जास्त आहे का, ते सांगणारी तपासणी) रक्त दिलं, पुढच्या आठवड्यात एमआरआय. नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली. सूज उतरली, तो सारखा येणारा घाम थांबला, शुगरची एक गोळी सुटली. हाड मात्र वाढलं ते वाढलं. बांगड्या अजून अडीचच्याच. फोटो काढताना मावशी अजून मागच्या रांगेत जाते.

त्या श्रावणात सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. कासारणीची नक्कलही केली होती.

मघाशी रागाच्या भरात तो फोटो मावशीला दाखवला. चूकच केली, असं वाटलं. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला, चेहरा सोडून त्या बाईचे हात बघत बसली. मग म्हणाली, "हिला विचार गं, अंगठी येते का बोटात."

ज्याने फोटो टाकला त्याला तासाभरापासून विचारतेय, या बाई कोण, कुठल्या. निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही.