दुसरा साक्षीदार

माझा मेहुणा पक्षिनिरीक्षक आहे, ही गोष्ट लग्न ठरवताना आमच्यापासून लपवून ठेवण्यात आली होती. त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात, "दाजी, रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चला, कान्हेरीच्या वरची टेकडी चढू, जरा जंगलही बघू," असे तो म्हणाला, तेव्हा हे 'जरा बघणे' पहाटेच्या पहिल्या लोकलने सुरू होऊन संध्याकाळी अमृतांजनाने संपते, याची मला कल्पना नव्हती.

प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी साधारण 6 किलोमीटर आत आहेत. तिथवर बस जाते. पण बसमधून पक्षी दिसत नाहीत, या तत्त्वावर मेहुण्याने आम्हाला चालवले. मला चालतानाही दिसत नव्हते, हा भाग वेगळा.

पहिला प्रसंग हळद्याचा. "दाजी, समोरचा ऐन, दुसरी फांदी, दोन वाजता," तो कुजबुजला. मी घड्याळ पाहिले. साडेआठच वाजले होते. झाड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि त्यावर दोनचा आकडा शोधायचा, हे त्याने मला कपाळाला हात लावून समजावले. मग दुर्बीण डोळ्यांना लावल्यावर मला आधी माझ्याच पापण्या, त्यानंतर भरपूर हिरवा रंग आणि अखेरीस सोबतच्या वाटाड्याचा कान, अतिशय स्पष्ट, असे क्रमाने दिसले. "दिसला?" मेहुण्याने विचारले. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलाची आशा होती. मी "हो" म्हणालो, आणि माझ्या अधःपतनाला तेथून सुरुवात झाली.

कारण मेहुण्याकडे एक वही होती आणि तिच्यात एक नियम होता. पक्षी किमान दोघांनी पाहिला, तरच त्याची नोंद करायची. वाटाडा वाटेकडे पाहत असल्यामुळे साक्षीदार म्हणून मी उरलो. तांबट, निखार, स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तूर यांच्यापैकी एकाचेही पीस मला दिसले नाही. तरी प्रत्येकाला मी मान डोलावून मान्यता दिली. स्वर्गीय नर्तकाची शेपटी केवढी लांब होती, असे विचारल्यावर मी हात पसरून दाखवलेली लांबी मोराला शोभली असती. पण ती "नर, पूर्ण वाढलेला" अशा शब्दांत वहीत गेली.

लेणी आली, तेव्हा माझे गुडघे शंभराहून अधिक लेण्यांपैकी कोणत्याही एकात कायमचे राहायला तयार होते. दगडात खोदलेली पाण्याची टाकी पाहून, या भिक्षूंनी आधी पाण्याची सोय केली आणि मग ध्यानाला बसले, हे मला फार पटले. मेहुण्याने मात्र आम्हा तिघांत मिळून एकच बाटली आणली होती. वरच्या चढावर वाटाड्याने कारवी दाखवली. ही आठ वर्षांतून एकदा फुलते. "मागच्या वर्षी, 2024 ला यायला हवं होतं, साहेब. अख्खा डोंगर जांभळा होता. आता 2032." समोर वाळक्या काड्या होत्या. मी त्यांच्याकडेही कौतुकाने पाहिले, कारण तोवर सवय लागली होती.

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध अडकलेल्या या 104 चौरस किलोमीटरच्या जंगलात बिबळे आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशी आम्हाला त्यांची केवळ विष्ठा भेटली. वाटाड्याने ती काडीने उकलून आतले केस दाखवले. चांगल्या घरातले, कर वेळेवर भरणारे आम्ही दोन गृहस्थ भर उन्हात त्यावर वाकून "वा!" म्हणत होतो. एवढीच एक गोष्ट मला दिवसभरात दुर्बिणीशिवाय आणि निःसंशय दिसली होती.

माथ्यावरून तुळशी तलाव दिसला आणि मी बसलो. मेहुणा आणि वाटाडा कुठल्याशा शिट्टीमागे पलीकडच्या उतारावर गेले. मी बुटाची नाडी सोडत होतो, तोच समोरच्या निष्पर्ण फांदीवर, जेमतेम 15 फुटांवर, एक मोठा तपकिरी पक्षी येऊन बसला. त्याच्या पायात धामण लोंबत होती. पोटावर पांढरे ठिपके, डोक्यावर काळ्या पिसांचा तुरा, पाय पिवळे आणि डोळेही पिवळेच. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि धामणीने बहुधा आम्हा दोघांकडेही पाहिले नाही. तो निघून गेला, तेव्हा मी एका बुटानिशी पळत सुटलो.

"सर्पगरुड!" मी धापा टाकत सगळे वर्णन केले. मेहुणा शांतपणे ऐकत होता. वहीत तोवर 31 पक्षी झाले होते, आणि त्यांतल्या प्रत्येकापुढे 'दुसरा साक्षीदार' म्हणून माझे नाव होते.

"अजून कोणी पाहिला का, दाजी?" त्याने विचारले आणि पेनाला टोपण लावले.